माळावरचे बिनतारी जाळे

मैदानी खेळ पाहावयास गेलेल्या माणसाला इंटरनेट हवेच कशाला, हा प्रश्न जुन्या पिढीच्या मनात प्रथम यावा हे साहजिक आहे. डोळ्यांदेखत सायकली घाट चढत असता, अथवा हौद्यातील तांबड्या मातीत दोन मल्ल परस्परांच्या पकडीत अडकलेले असता, ज्याची दृष्टी हातातील पडद्यावर खिळलेली आहे त्याने मुळात घर सोडून उन्हात येण्याचे श्रम तरी का घ्यावेत? सातारा-सांगलीकडील धावण्याच्या आणि सायकलींच्या स्पर्धा, कुस्त्यांची मैदाने, बैलगाड्यांच्या शर्यती अशा उघड्यावरच्या गर्दीला मोफत वायफाय पुरवावे, असे कोणी बोलू लागले की प्रस्तुत लेखकही काल-परवापर्यंत हेच म्हणत असे. मंडपाला सावली नाही, स्त्रियांसाठी आडोसा नाही, प्यावयाच्या पाण्याचा टँकर दुपारनंतर दिसत नाही, आणि आम्ही म्हणे बिनतारी इंटरनेट देणार! वाढदिवसाच्या फलकांवर झळकण्यासाठी आणखी एक निमित्त, यापलीकडे या कल्पनेला काही अर्थ असेल असे वाटले नव्हते.

हे मत बदलण्याचे कारण अगदी क्षुल्लक आहे. सांगली जिल्ह्यातील एका गावी यात्रेच्या कुस्त्या होत्या. आजूबाजूच्या तालुक्यांतून माणूस लोटला होता. माळाच्या कडेला एक वृद्ध बाई भडंग आणि भाजलेल्या शेंगांची पाटी घेऊन बसली होती. पाटीला नातवाने चिकटवून दिलेला यूपीआयचा चौकोन होता आणि शेजारी पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारी ती लहानशी पेटी. दुपारी दोन-अडीचपर्यंत पेटी बोलत होती. पुढे गर्दी वाढली आणि ती गप्प झाली. गिऱ्हाईक पुडी घेई, मोबाईल चौकोनापुढे धरी, पडद्यावर चक्र फिरू लागे आणि फिरतच राही. "आक्का, पैसं जाईनात," असे म्हणून काही जण पुडी परत ठेवीत. काही खाऊन झाल्यावर हे सांगत. "जाईनात तर ऱ्हाऊ दे बाबा, पर माझी पाटी रिकामी झाली की," असे ती शेवटी म्हणाली, ते कोणा एकाला उद्देशून नव्हते. माझेही वीस रुपये असेच चक्रात अडकले, आणि खिशात सुटे नाणे नव्हते. तीन दिवसांनी ती रक्कम माझ्याच खात्यात परत आल्याचा संदेश आला.

त्या दुपारी इंटरनेटचा दर महाग नव्हता, ही यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यापासून आपल्याकडे मोबाईलवरील इंटरनेट इतके स्वस्त झाले की शेतमजुराच्या खिशातही ते आले. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकापासून गूगल आणि रेलटेल यांनी रेल्वे स्थानकांवर मोफत वायफायची योजना आरंभिली, ती चारशेहून अधिक स्थानकांपर्यंत पोचली, आणि २०२० मध्ये गूगलने तीतून अंग काढून घेतले. मोबाईलवरचे इंटरनेटच आता स्वस्त झाले आहे, हे त्यामागील एक प्रमुख कारण सांगण्यात आले. रेलटेलची सेवा पुढेही चालू राहिली, ही गोष्ट वेगळी. या अनुभवावरून मोफत वायफायची गरज संपली असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. परंतु स्वस्त असणे आणि मिळणे यांत अंतर आहे. दुष्काळात रास्त भावाचे धान्य दुकानात नसेल तर भावफलक वाचून पोट भरत नाही. गावाबाहेरचा मनोरा चार-पाच हजारांच्या वस्तीच्या हिशेबाने उभा केलेला असतो. यात्रेच्या दिवशी त्याच मनोऱ्याच्या छायेत त्याच्या कित्येक पट माणसे उभी राहतात, आणि त्यांतील प्रत्येकाला चितपट झालेल्या कुस्तीचे चित्रण त्याच क्षणी भावकीला धाडावयाचे असते. पाहण्यासाठी लागणारी वाट रुंद असते, धाडण्यासाठी लागणारी अरुंद. आणि यात्रेच्या दिवशी सगळे धाडावयास निघालेले असतात. त्या अरुंद बोळात आक्कांचे वीस रुपये, रुग्णवाहिकेला केलेली हाक आणि कोणाचे तरी अर्ध्या मिनिटाचे चलच्चित्र एकाच रांगेत उभे असते.

सबब ‘मोफत वायफाय’ या शब्दप्रयोगातील ‘मोफत’ हा शब्द माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. मैदानावर लागते ती जादा क्षमता, आणि त्या क्षमतेवर प्रथम हक्क कोणाचा याचा विवेक.

या बाबतीत तंत्राची थोडी माहिती करून घेणे अवश्य आहे, कारण बिनतारी या शब्दाने आपली मोठी फसवणूक होते. वायफायचा डबा खांबावर टांगला की इंटरनेट आकाशातून झिरपू लागते, असा एक समज आहे. वस्तुतः त्या डब्याच्या पाठीमागे कोठून तरी तार यावी लागते. डब्याची पोच मोकळ्या जागीही शंभर मीटरच्या आसपास. त्यातही माणसाचे शरीर पाण्याने भरलेले असल्याने दाट गर्दी या लहरी शोषून घेते. जुन्या व सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा जेमतेम तीन. म्हणजे दहा हजार प्रेक्षकांच्या मैदानात एक डबा बसवून फीत कापणे हे दहा हजारांच्या पंगतीत एक तांब्या ठेवण्यासारखे आहे. डबे अनेक लागतात, ते डोक्यांच्या वर, उंचावर लागतात, आणि त्या सर्वांना पुरेल एवढी तार मैदानापर्यंत यावी लागते.

तार मात्र आता अगदीच दुर्मिळ राहिलेली नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची केबल नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. पंचायतीच्या कचेरीपर्यंत आलेला हा तंतू अनेक ठिकाणी कपाटातील यंत्राशी येऊन थांबतो. कचेरीपासून यात्रेचा माळ बहुधा हाकेच्या अंतरावर असतो. २०२० च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेस मान्यता दिली, तीनुसार चहाच्या टपरीवाल्यालाही परवान्यावाचून सार्वजनिक वायफाय चालविता येते. तेव्हा पंचायतीपासून माळापर्यंतचे ते शेवटचे अर्धा किलोमीटर कोण ओढणार, एवढाच प्रश्न शिल्लक उरतो. कुंडलसारख्या गावाला, जेथील कुस्ती मैदानाची कीर्ती महाराष्ट्रभर आहे, हे अर्धा किलोमीटर कायमचे ओढून ठेवणे परवडण्याजोगे आहे. मंडप उतरला तरी ती तार राहील, आणि उरलेले सर्व दिवस तालमीतील पोरांना व शाळेला उपयोगी पडेल.

रस्त्यावरच्या शर्यतीची गोष्ट निराळी. कुस्तीचे मैदान एका जागी असते. सायकलस्वार आणि धावपटू गर्दीला मागे टाकून डोंगरात नाहीसे होतात. २०१२ पासून साताऱ्यात भरणारी हिल हाफ मॅरेथॉन शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढते आणि कासच्या वाटेवरून परत फिरते. अंतर एकवीस किलोमीटर. पावसाळ्याच्या अखेरीस त्या घाटात धुके उतरलेले असते आणि हजारो माणसे एकामागोमाग धावत असतात. या वाटेवर सर्वत्र वायफाय लावू म्हणणे म्हणजे समुद्रावर मांडव घालण्यासारखे होईल. सायकलींच्या बाबतीत तर स्वार उतारावर इतक्या वेगाने जातो की एका डब्याच्या हद्दीत तो काही क्षणच असतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची जुनी रीत आहे. तो राजा माथ्यावर प्रथम आला हे खाली कळावयास पूर्वी मोटारसायकलस्वारच लागत असे. फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’मध्येही मुख्य साधन मोटारसायकलच आहे: तीवरील चित्रकाराचे दृश्य वर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरकडे व विमानाकडे जाते आणि तेथून जमिनीवर उतरते. त्या श्रीमंती थाटाचे अनुकरण करण्याची आपल्याला गरज नाही. परंतु २०२६ च्या जानेवारीत शेजारच्या पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय दर्जाची बहुटप्प्यांची सायकल शर्यत झाली, आणि सह्याद्रीच्या घाटांतून अशी स्पर्धा घेता येते हे आपल्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. आज ना उद्या असा मार्ग खंबाटकीच्या अलीकडे उतरेल, तेव्हा आपली तयारी काय असेल?

अशा शर्यतीत बिनतारी जाळे हवे ते आरंभस्थानी, समाप्तीरेषेवर, घाटमाथ्यावर आणि वैद्यकीय मदतीच्या प्रत्येक थांब्यावर. धावपटूच्या छातीवरील क्रमांकात किंवा बुटात बसविलेली इवलीशी चकती रेषेवरील पट्टी ओलांडताना आपली वेळ नोंदविते. ती नोंद संगणकापर्यंत पोचली नाही तर निकाल खोळंबतो, आणि खोळंबलेल्या निकालाभोवती आपल्याकडे काय काय जमते हे सांगावयास नको. मधल्या निर्मनुष्य वळणांसाठी मात्र इंटरनेटचा आग्रह सोडून पोलिसांचे किंवा हौशी रेडिओवाल्यांचे साधे बिनतारी संच वापरणे शहाणपणाचे. नवे साधन आले म्हणून जुने टाकून देण्याची घाई आपण उगाच करतो.

आता थोडे ‘फुकट’ या शब्दाविषयी. सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी, हा सुरक्षेचा दंडक आहे, आणि त्यासाठी मोबाईल क्रमांक देऊन संकेतांक मागवावा लागतो. येथेच मेख आहे. मैदानावर दहा हजार माणसांनी क्रमांक दिले की कोणाच्या तरी वहीत दहा हजार मतदारांचे, दहा हजार गिऱ्हाईकांचे पत्ते आयते जमा होतात. पुढे निवडणूक आली की त्यांना शुभेच्छा येतात, कर्जाच्या योजना येतात, भूखंडांच्या जाहिराती येतात. पुडीतल्या शेंगांचे पैसे देता यावेत म्हणून दिलेला क्रमांक पाच वर्षे दुसऱ्याच्या शेतात राबतो. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे आणि ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हे त्याचे मूळ सूत्र आहे. हे सूत्र मैदानावर पाळले जाईल काय, याची हमी आयोजकांनी आधी लेखी द्यावी. जोडणीच्या पहिल्या पानावर कोणा भाऊंचे हात जोडलेले छायाचित्र नसले, तर तेही उपकारच होतील.

आपल्या भागाने अशा उत्साहाचा एक धडा पूर्वी गिरविलेला आहे. १९९८ मध्ये ‘वारणा वायर्ड व्हिलेजेस’ या नावाने एक प्रकल्प निघाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील, वारणा खोऱ्यातील सत्तर गावांना संगणकांच्या जाळ्याने जोडावयाचे होते. त्या काळी त्याचा केवढा गाजावाजा झाला! शेतकऱ्याला जगाची बाजारपेठ चावडीवर दिसेल असे सांगितले गेले. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तेव्हा त्या संगणकांचा खरा उपयोग आपल्या उसाचे वजन किती भरले, खत किती उचलले आणि बिल केव्हा निघणार, एवढ्या दोन-चार गोष्टी कळण्यापुरता होत असल्याचे आढळले. मग काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवून लघुसंदेशाने ती माहिती देण्याचा प्रयोग झाला, आणि तो अधिक स्वस्त पडून शेतकऱ्यांना पसंतही पडला. प्रकल्पाला नावे ठेवण्यासाठी मी ही आठवण काढलेली नाही. काळाच्या पुढे पाऊल टाकणाऱ्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु लोकांना नेमके काय हवे हे आधी विचारले असते तर पुष्कळ खर्च वाचला असता.

मैदानावर नेमके काय हवे, याचे माझे उत्तर मी देतो. प्रथम हक्क वैद्यकीय पथकाचा आणि पंचांचा. त्यांची वाट सर्वांहून वेगळी व राखीव असावी. त्यानंतर पाटीवाले, रसवाले, भेळवाले. यूपीआयच्या एका व्यवहाराला लागणारे इंटरनेट इतके थोडे असते की विक्रेत्यांसाठी एक स्वतंत्र, मंद का होईना पण न तुटणारी वाट ठेवणे मुळीच अवघड नाही. तिसरा हक्क, अनेकांना आश्चर्य वाटेल, पण मैदानावर न आलेल्या माणसाचा. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव सैनिकांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे, आणि अशी घरे या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. सीमेवरच्या ठाण्यात बसलेल्या जवानाला गावच्या यात्रेतील कुस्ती पाहावयास मिळते ती कोणा स्थानिक तरुणाने यूट्यूबवर चालविलेल्या थेट प्रक्षेपणामुळे. माणदेशातील मोहीसारख्या खेड्यातून ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. त्या वाटेने निघालेल्या आजच्या मुलीची आई धारा काढावयाच्या म्हणून घरीच थांबलेली असते. तिला लेकीची शर्यत दिसावी, यासाठी एका कॅमेऱ्यापुरती पक्की वाट राखून ठेवणे हा चैनीचा खर्च म्हणता येणार नाही. एक पक्के प्रक्षेपण मिळाले की शंभर जणांचे हात आपोआप खाली येतात आणि जाळ्यावरचा भारही उतरतो. उरेल ते सर्वसाधारण प्रेक्षकाला द्यावे, आणि त्याने ते कमी पडले म्हणून कुरकुर न करता समोरची कुस्ती पाहावी.

राहिला प्रश्न पैशाचा. येथे मला जे सुचवावयाचे आहे ते खेळाच्या पलीकडचे वाटेल, पण तेच या लेखाचे खरे प्रयोजन आहे. कृष्णेने २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षी सांगलीला काय दाखविले ते विसरण्याजोगे नाही. २०१९ च्या ऑगस्टात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची नाव उलटली. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळल्या आणि घरे माणसांसह गाडली गेली. अशा वेळी वीज जाते, मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरतात, केबल वाहून जाते, आणि ज्या गावाशी सर्वांत आधी बोलावयाचे तेच गाव मुके होते. तेव्हा जे साहित्य लागते ते म्हणजे चाकांवरचा लहान मनोरा, स्वतःचा विजेचा जनित्र, उपग्रहाशी जोडणी, उंच काठीवर चढविता येणारे वायफायचे डबे आणि हे सर्व तासाभरात उभे करू शकणारी चार-सहा माणसे. हुबेहूब हेच साहित्य आणि हीच माणसे शर्यतीच्या माळावर लागतात. आपत्ती व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असावयाचे आहे. सातारा व सांगली या दोन्ही प्राधिकरणांनी असे एकेक फिरते पथक बाळगावे, ते स्पर्धांच्या आयोजकांना ठरलेल्या भाड्याने द्यावे, लहान गावांच्या यात्रांना सवलतीने द्यावे, आणि जाहिरातदाराला त्याच्या आसपास फिरकू देऊ नये.

यंत्रे गोदामात पडून राहिली की गंजतात आणि माणसे पडून राहिली की विसरतात, हा सरकारी साहित्याचा नेहमीचा अनुभव. रंगीत तालमीसाठी लाखभर रुपयांचा मंडप घालून नाटकी सराव करण्यापेक्षा हिवाळ्या-उन्हाळ्यातील दहा-पंधरा यात्रा आणि शर्यती हाच खरा सराव होय. धुक्यातल्या यवतेश्वरच्या घाटात ज्या पथकाने पाच थांबे जोडून दाखविले, त्याला आषाढात कोयनेच्या खोऱ्यात पाठविताना जिल्हाधिकाऱ्यांना फार विचार करावा लागणार नाही. गर्दी किती झाली म्हणजे किती डबे लागतात, जनित्राला तेल किती पुरते, वाऱ्याने काठी कोणत्या बाजूला कलते, हे कागदावरच्या आराखड्यातून कळत नाही.

यावर असे म्हटले जाईल की हे काम मोबाईल कंपन्यांचे आहे. मोठ्या मेळाव्यांना त्या फिरते मनोरे आणतातच. आणतात, हे खरे. परंतु जेथे लाखोंचा जमाव आणि सर्व वाहिन्यांचे कॅमेरे असतात तेथे आणतात. खानापूर-आटपाडीच्या माळावरच्या शर्यतीला, किंवा माण-खटावातल्या एखाद्या यात्रेला त्या येतील हा भरवसा कोणी धरावा? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणले, तेव्हा त्यांची मिरवणूक १५१ बैलगाड्यांनी काढली, ती कोणा कंपनीने प्रायोजित केलेली नव्हती. गाड्या गावोगावच्या होत्या, बैल गावोगावचे होते.

अर्थात पाण्याचा टँकर, सावली आणि स्त्रियांसाठी आडोसा यांचा क्रम या सगळ्याच्या आधीचा आहे, हे माझे मूळचे मत मी सोडलेले नाही. ज्या आयोजकाला या तीन गोष्टी जमत नाहीत त्याला ते फिरते पथक भाड्याने देऊच नये, अशी अट घातली तरी चालेल. पथक अस्तित्वात येण्यास वेळ लागेल, हे उघड आहे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठका आणि निविदांचे कागद आपल्या गतीने चालतात. तोवर पुढच्या यात्रेला त्या गावी जाताना मी खिशात सुटे पैसे घेऊन जाणार आहे. त्यांतले पहिले वीस रुपये आक्कांचे मागले देणे आहे.